मामीची बाजू

"फिरव आता," मामा म्हणाला.

ठिणगीने चाकाला हात लावला. चाक हललं नाही. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ते चार बोटं सरकलं आणि कुरकुर करून थांबलं.

"नट सैल केला की फिरतं, आवळला की अडकतं," वकील म्हणाला. "म्हणजे आरोपी नट आहे. मामा, तू तो थोडा सैलच ठेव ना."

"आणि रस्त्यात चाक माझ्या पुढे निघून गेलं म्हणजे?"

एरवी मामा स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसला असता. आज त्याने पाना पुसला आणि खाली ठेवला. "बेअरिंग गेलं असेल. नाहीतर चिमटा वाकला असेल," तो म्हणाला. चिमटा म्हणजे मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांत बसतं ते. "जाऊ दे. आता पुरे."

"पुरे कसं? उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येणार," ठिणगी म्हणाली.

"येऊ दे."

दर सुट्टीत तिघं मामाकडे येत. ठिणगी, तिचा धाकटा भाऊ शेपूट आणि मावशीचा मुलगा वकील. ही नावं मामीने ठेवलेली. ठिणगीचा राग लवकर पेटायचा म्हणून ती ठिणगी. सूर्य उगवला म्हटलं तरी पुरावा मागायचा म्हणून तो वकील. आणि शेपूट या दोघांच्या मागून कधी सुटतच नसे. या वर्षी नावं होती, मामी नव्हती.

मोटारसायकल मामापेक्षाही वयाने मोठी. काळी, गोल टाकीची. गुडघे टेकायच्या जागी रंग उडून खालचा पत्रा दिसायचा. दर सुट्टीत मामा-मामी तिच्यावरून मुलांना आणायला स्टेशनवर यायचे, मग मुलांची रिक्षा पुढे आणि गाडी मागे. थंडी सुरू होताना मागचा टायर बदलायचा म्हणून दोघांनी मिळून चाक काढलं. नवा टायर चढवून आणला त्याच आठवड्यात मामीने अंथरूण धरलं, ते सोडलं नाही. चाक तेव्हापासून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभं होतं.

आता मामाचे मोठे भाऊ, म्हणजे थोरले मामा, आणि थोरल्या मामी घर आवरायला आले होते. आजारपणात त्यांना सवड झाली नव्हती. आवरायला झाली. थोरल्या मामींनी कपाटं रिकामी करून अंगणात ढीग घातला होता, आणि थोरल्या मामांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं.

"तीन चाकांची असती तर रिक्षा म्हटलं असतं. एका चाकाच्या गाडीला काय म्हणायचं?" ते मामाला म्हणाले होते. "ढिगाबरोबर तीही देऊन टाक."

त्यावर मामा म्हणाला होता, "चाक बसलं आणि फिरलं, तर गाडी राहील. नाही फिरलं तर न्या."

मामा शब्द फिरवणारा माणूस नव्हता. त्याने चाक तीनदा बसवून पाहिलं, तीनदा ते अडकलं. सगळे भाग त्याच्याजवळ होते. तो आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तिथूनच आणलेल्या कप्प्याकप्प्यांच्या लाकडी ट्रेमध्ये चाकातून आरपार जाणारा एक्सल, नट, चेनची लॉकपट्टी, ब्रेकचा रॉड, सगळं जिथल्या तिथे होतं.

"यातलं काही हरवलेलं नाही," तो म्हणाला. "माझ्याकडून काही हरवत नाही." आणि हे बोलल्यावर तो उगाचच अंगणातल्या ढिगाकडे बघत राहिला.

ठिणगी रॉकेलचं फडकं आणायला स्वयंपाकघरात गेली. दार लोटल्यावर तिला दारामागच्या भिंतीवर एक खिळा दिसला. खिळा रिकामा होता. पण त्याच्याखाली भिंतीवर तीन काळपट खुणा होत्या, एकीखाली एक. वरची बारीक गोल, मधली अंगठ्याच्या पेराएवढी लांबट, खालची वाटीच्या बुडासारखी. सगळ्यात खाली ओघळ. कोणीतरी पुसायला गेलं होतं आणि खुणा आणखी फराटल्या होत्या.

"थोरल्या मामी, इथे काय होतं?"

"मला काय ठाऊक बाई? काहीतरी लोखंडाचं लटकत होतं. स्वयंपाकघरात कोणी असलं लटकवतं का? घासून घासून माझे हात गेले."

"मग ते कुठे गेलं?"

"ढिगात असेल. काय सटरफटर ठेवलं होतं तिने! बटणांच्या माळाच डबाभर. प्रत्येक रंगाची वेगळी माळ, वर गाठी मारलेल्या. दिल्या वाटून."

ठिणगीच्या कानशिलाशी काहीतरी तापलं. मामी कपडे शिवायची. शिवणाऱ्या माणसाची सुटी वस्तू हरवते, म्हणून ती बटणं, कड्या, किल्ल्या, सगळं जाड दोऱ्यात ओवून ठेवायची. आधी निघालं ते आधी ओवायचं, म्हणजे परत लावताना डोकं लावावं लागत नाही, असं ती म्हणायची.

ठिणगीने ओघळावर बोट घासून वास घेतला. खायच्या तेलाचा नव्हता. ग्रीसचा होता.

ती धावत अंगणात आली आणि वकिलाच्या कानाला लागली. वकिलाने ऐकून घेतलं, शर्टाची कॉलर सरळ केली आणि मामासमोर जाऊन उभा राहिला.

"मामा, चाक काढताना तू कुठे बसायचास?"

"इथे. चेनच्या बाजूला."

"दरवेळी?"

"दरवेळी. तो नट भारी असतो. तिला सुटत नसे."

"आणि मामी?"

"पलीकडे."

"पलीकडून काय काय निघतं?"

मामा गाडीच्या पलीकडे बघत होता, जणू तिकडे गाडीला बाजू आहे हे त्याला आत्ताच कळत होतं.

"काही नाही निघत," तो शेवटी म्हणाला. "एक्सल बाहेर येतो. एक वायसर असतो, पातळ चकती. तो मी नवा टाकलाय."

"तू पाहिलं होतंस?"

"ती बघायची ना. मी नट सोडायचो, ती म्हणायची, 'झालं माझं.' बसवताना पुन्हा तेच. ती म्हणायची 'आवळ', मी आवळायचो." त्याने पाना उचलला आणि परत ठेवला. "काही असतं तर तिने सांगितलं असतं."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ठिणगी म्हणाली.

मामा उठून आत गेला. ठिणगीला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण मागे घ्यावं असंही वाटेना.

तिघांनी ढीग उपसायला घेतला. उशा, डबे, शिवणयंत्राचं झाकण, मामी शिवताना ऐकायची तो बंद पडलेला रेडिओ. दोऱ्यात ओवलेलं लोखंड काही मिळेना.

"काय शोधताय?" शेपटाने बऱ्याच वेळाने विचारलं.

"खिळ्यावरची माळ. लोखंडाची. तीन तुकडे."

"ती होय? ती थोरल्या मामांनी गळाच्या दोरीला बांधली. वजन म्हणून. काल ते नुसती तुटकी दोरी घेऊन आले."

ठिणगीने हातातली उशी आपटली.

"अरे गाढवा, मग सकाळपासून तोंडात काय गूळ धरला होतास?"

"मला कोणी विचारलंच नाही," शेपूट म्हणाला. "मला कधीच कोणी विचारत नाही."

थोरले मामा रोज दुपारी तळ्यावर मासे धरायला जात आणि रोज रिकाम्या हातांनी येत. आता ते ओसरीवर पंख्याने वारा घेत पडले होते. ठिणगीने सरळ विचारलं. ते उठूनच बसले.

"मी? मी कशाला दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू? शेपटाचं काय ऐकता? त्याला स्वप्नं पडतात."

"मला स्वप्नं पडत नाहीत," शेपूट म्हणाला.

"बघा, खोटंही बोलतो."

आत मामाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. म्हणून ते कबूल करत नव्हते, हे ठिणगीला कळलं. ती दोघांना ओढत मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे थोडी कुजबुज झाली. मग तिने पेचकस घेऊन रेडिओ उघडला आणि आतल्या स्पीकरच्या मागचं जाड गोल लोहचुंबक काढलं. पेचकस त्याला टक्कन चिकटला, तो काढायला दोन हात लागले. ते तिने पिशवीत टाकलं, बरोबर सुतळीचा गुंडा.

मग वकील ओसरीवर गेला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"थोरले मामा, त्या तळ्यात मासे नाहीतच म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. म्हणतात, तिथे बसणारा माणूस एक तर कवी असतो, नाहीतर त्याला घरात कोणी विचारत नाही."

"असं म्हणतात?" थोरल्या मामांनी पंखा खाली ठेवला. "काल हा एवढा मासा लागला होता. हा एवढा. दोरी तोडून गेला."

"मासा तोडून गेला की दोरी मुळांत अडकली?"

"चल. चल, दाखवतो तुला. आत्ताच्या आत्ता."

भर उन्हात ते पुढे आणि तिघं मागे असे तळ्यावर गेले. काठावरचं एक झाड पाण्यावर आडवं झुकलं होतं. "तिथे," थोरले मामा म्हणाले. "त्या फांदीच्या टोकाच्या बरोब्बर खाली. हिसका असा बसला, की मी पडता पडता राहिलो."

"वजन हलकं असेल," वकील म्हणाला. "हलकं वजन असलं की लहान मासाही मोठा वाटतो."

"हलकं? अरे, अस्सल जुनं लोखंड. तीन तुकडे होते, चांगले..."

ते थांबले. तळ्यावर एक बगळा उडाला, सगळ्यांनी तो बघितला.

"तीन तुकडे," वकील म्हणाला. "नोंद घ्या."

थोरल्या मामांचा चेहरा लाल झाला. "भिंतीवर लटकत होतं. भंगारातच जाणार होतं. त्यात काय एवढं?" थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "घरी सांगायची गरज नाही." आणि आले त्याच्या दुप्पट वेगाने परत गेले.

ठिणगीने सुतळी चुंबकाला बांधली आणि आडव्या खोडावर पोटाने सरपटत निघाली. खोड शेवाळलेलं होतं. खाली पाणी हिरवं, तळ दिसत नव्हता. मागून वकील सूचना देत होता आणि त्याच्या मागून शेपूट त्याच सूचना पुन्हा देत होता.

"गप्प बसा दोघंही," ती म्हणाली. "नाहीतर मीच पडते, म्हणजे तुमचं एकदा समाधान होईल."

चुंबक खाली गेलं. पहिल्यांदा डब्याचं झाकण आलं. मग सायकलची घंटी, मग बराच वेळ नुसता चिखल. तिचे दंड दुखायला लागले. मध्येच तिला वाटलं, मामी असती तर काठावर बसून म्हणाली असती, ठिणगी, पाण्यात विझशील हो. ती असती तर हे करावंच लागलं नसतं. हा विचार तिने बाजूला सारला आणि चुंबक आणखी पुढे, मुळांच्या गुंत्याजवळ सोडलं.

टक् आवाज सुतळीतून बोटांना कळला.

"लागलं. हळू, हळू. शेपटा, जाळं आण."

शेपटाने थोरल्या मामांचं हातजाळं न विचारता आणलं होतं. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला, वकिलाने त्याचा पट्टा मागून धरला. सुतळी इंच इंच वर आली. चुंबकाला एक लांबट नळी चिकटली होती आणि दोऱ्याला बाकीचं लोंबकळत होतं. दोरा अर्धा झिजलेला. पाण्याच्या वर आल्याआल्या तो सुटला. नळी चुंबकाला राहिली, बाकीचं शेपटाच्या जाळ्यात पडलं. एक पातळ चकती, एक पत्र्याची टोपी आणि दोऱ्याचा तुकडा, गाठीसकट.

शेपूट ते जाळं घरापर्यंत दोन्ही हातांत धरून चालला.

सकाळी मामा अंगणात आला तेव्हा गाडी मधल्या स्टँडवर, खाली वीट घालून तयार होती. ठिणगीने तिन्ही वस्तू रॉकेलने धुऊन फडक्यावर मांडल्या होत्या, आणि बाजूला दोऱ्याचा तुकडा. मामाने आधी तोच उचलला.

"गाठ तिची आहे," तो म्हणाला. "कुठे मिळाली?"

"तळ्यात," शेपूट म्हणाला.

मामाने ओसरीकडे पाहिलं. थोरले मामा वर्तमानपत्रात फार खोल गेले होते. मामा चेनच्या बाजूला, आपल्या जागेवर जाऊन बसला.

ठिणगी पलीकडे बसली. मामी कशी बसायची ते तिला आठवत होतं. चप्पल काढून, पाय पसरून. चाक चिमट्यात लोटायचं आणि दोन्ही पावलं टायरखाली घालून ते उचलायचं, म्हणजे हात मोकळे राहतात. मामीच्या पावलांना नेहमी काळा पट्टा उमटायचा. घरात आली की थोरल्या मामी नाक मुरडायच्या.

ठिणगीचे पाय थरथरले, पण चाक वर आलं. मामाने चेन दात्यांवर चढवली आणि ब्रेकची प्लेट खाचेत बसवली.

तुटलेल्या दोऱ्याने क्रम सांगितला नसता, पण भिंतीवरच्या खुणा अजून होत्या. वर चकती, मध्ये नळी, खाली टोपी. पण वरची चकती आधी ओवलेली की शेवटी? ठिणगीचा गोंधळ उडाला. मग तिने टोपी उचलून चाकाच्या मधल्या भोकावर ठेवून पाहिली. ती झाकणासारखी बसली. म्हणजे टोपी चाकाला, मग नळी, मग चिमटा, आणि चकती, म्हणजे जुना वायसर, चिमट्याच्या बाहेर. चाक आणि चिमटा यांच्यामध्ये इतके दिवस जी फट होती, ती नळीने नेमकी भरली. नळी नव्हती म्हणून नट आवळला की चिमटाच आत दबत होता आणि चाकाला धरून ठेवत होता.

तिने एक्सल आत सारला. मधेच अडला, तशी तिने पावलं थोडी वर केली, आणि तो पलीकडे मामाच्या बोटांत निघाला.

दाराशी टेम्पो थांबला. भंगारवाला आत आला.

"झालं का नाटक?" थोरले मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले. "माणूस खोळंबलाय."

मामाने चेन ताणण्यासाठी दोन्हीकडे असलेल्या खुणा जुळवल्या, चेन अंगठ्याने दाबून पाहिली, नट बोटांनी बसवला. मग पाना लावून तो थांबला. थांबूनच राहिला. ठिणगीला कळेना, आता काय राहिलं. मग कळलं.

"आवळ," ती म्हणाली.

मामाने नट आवळला. पूर्ण, शेवटपर्यंत. ब्रेकचा रॉड लावला.

"फिरव," तो म्हणाला.

ठिणगीने टायरला हात दिला. चाक फिरलं. आवाज नाही, अडखळणं नाही. ताराच दिसेनाशा झाल्या. तिने हात काढून घेतला तरी ते फिरतच राहिलं.

"ही भंगार नाही हो," भंगारवाला म्हणाला. "उगाच बोलावलंत. ढीग तेवढा नेतो."

मग कौतुक सुरू झालं. थोरल्या मामी म्हणाल्या, पोरं हुशार निघाली, आमच्या घराण्यातच आहे. थोरले मामा म्हणाले, शेवटी जागा कोणी दाखवली? मी चालत गेलो म्हणून सापडलं. त्यांनी वकिलाच्या पाठीवर थाप मारली आणि शेपटाला शाबास म्हटलं. वकील म्हणाला, "साक्षीदार फुटला," पण हळू, फक्त ठिणगीला ऐकू जाईल असं.

तिकडे ढीग टेम्पोत चढत होता. उशा, डबे, शिवणयंत्राचं झाकण, उघड्या पोटाचा रेडिओ. मामाने अट फक्त गाडीची घातली होती. गाडी राहिली. बाकीचं त्याच्या डोळ्यांदेखत गेलं, आणि त्याने अडवलं नाही, कारण काय म्हणून अडवायचं हे त्याला सुचलं नाही.

"मामा, एक फेरी?" शेपटाने विचारलं. "मी मागे बसतो."

मागची सीट धुळीने पांढरी झाली होती. मामाने त्यावर हात ठेवला. पुसली नाही.

"आज नाही," तो म्हणाला. मग तो गाडीला वळसा घालून पलीकडे आला आणि ठिणगीजवळ जमिनीवर बसला. त्याने चप्पल काढली. इतक्या वर्षांत या बाजूने त्याने आपली गाडी कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. चिमट्याच्या आतल्या अंगाला रंगावर एक घासलेली जागा होती, तिथे टेकून टेकून कोणाच्या तरी मनगटाने घासलेली. तो त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"वकिला, तू पाना घे," तो म्हणाला. "चेनच्या बाजूला बस. नट सोड."

"अरे, वेडा झालास का?" थोरले मामा ओसरीवरून म्हणाले. "आत्ताच तर बसवलं. फिरतंय ना?"

"फिरतंय," मामा म्हणाला. "ठिणगी, तो दोरा दे. जाड दुसरा असला तर तो आण."

वकिलाने नट सोडला. मामाने एक्सल ओढून काढला, चकती हातात घेतली आणि दोऱ्यात ओवली. मग नळी. मग टोपी. तिन्ही पुन्हा दोऱ्यातून काढून त्याने फडक्यावर ओळीने ठेवली, पाय पसरून दोन्ही पावलं टायरखाली घातली आणि ठिणगीकडे पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "सांग. आधी काय येतं?"

"टोपी," ठिणगी म्हणाली, आणि तिने ती त्याच्या हातात ठेवली.